संपादकीय : जुने जाळे बंद होताना

यंदाच्या स्मरणिकेच्या संपादकीयासाठी आम्ही मोबाइलच्या जाळ्यांचा विषय निवडला, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हौगांगच्या इमारतींत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांचा अकोला, नांदेड, भंडाऱ्याकडील वृद्ध आईवडिलांशी असलेला रोजचा संबंध याच जाळ्यावर उभा आहे. प्रकृतीची विचारपूस, औषधांचे पैसे, अपरात्री येणारी वाईट बातमी, सारे याच वाटेने येते-जाते. ती वाट बदलत असताना आपण केवळ नव्या फोनच्या जाहिराती पाहत बसावे, हे बरे नव्हे.

सिंगापुरात जुलै २०२२ मध्ये सिंगटेल कंपनीने आपले ५जी जाळे देशाच्या ९५ टक्क्यांहून अधिक भागात पोहोचल्याचे जाहीर केले. भारतात ही सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. पुढील पिढीची, म्हणजे ६जीची, चौकटही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२३ मध्ये आखून दिली आहे. ५जीची वचने मुख्यतः तीन होत : प्रचंड वेग, एक मिलिसेकंदाइतका अल्प विलंब आणि एका चौरस किलोमीटरात दहा लाख उपकरणे सामावण्याची क्षमता. ही आदर्श परिस्थितीतील उद्दिष्टे आहेत, हे मात्र जाहिरातीत कोणी सांगत नाही.

वैद्यकीय क्षेत्रातील उपयोग म्हटले की दूरस्थ शस्त्रक्रियेचे उदाहरण हमखास पुढे येते. मार्च २०१९ मध्ये चीनमधील हायनान बेटावरील शल्यचिकित्सकाने ५जीच्या साहाय्याने बीजिंगमधील रुग्णाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली, हे खरे. पण सप्टेंबर २००१ मध्येच न्यूयॉर्कमध्ये बसून स्ट्रासबुर्ग येथील एका महिलेचे पित्ताशय काढले गेले होते, तेही तारेच्या जोडणीवर. शिवाय मिलिसेकंदाचे वचन केवळ फोन आणि मनोऱ्यामधील टप्प्यापुरते आहे. हौगांगहून नागपूर सरळ रेषेत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून धावणाऱ्या प्रकाशालाही तेवढे अंतर कापण्यास सतरा-अठरा मिलिसेकंद लागतात. निसर्गाचा हा नियम कोणतीही पिढी मोडू शकत नाही.

आपल्या आईवडिलांना शस्त्रक्रियेच्या यंत्रमानवाची नव्हे, तर रक्तदाब, साखर आणि पायावरची सूज यांवर नियमित लक्ष ठेवणाऱ्या माणसाची गरज आहे. रक्तदाबाचे दोन आकडे पाठवण्यास जुने २जी जाळेही पुरते. चित्र स्पष्ट असले तरी पोटाला हात लावून पाहता येत नाही, हे आम्ही वैद्यकाच्या अनुभवाने सांगतो. म्हणूनच भारत सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेतील, गावच्या आरोग्य केंद्रात कर्मचारी रुग्णाजवळ बसतो आणि डॉक्टर पडद्यावर असतो, ही पद्धत आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. ओघाने हेही नमूद करतो की भारताची २५ मार्च २०२० ची दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वे देशाच्या सीमेबाहेरील सल्ल्याला लागू होत नाहीत. तेव्हा सिंगापुरातील ओळखीच्या डॉक्टरांकडून फोनवर गावाकडची औषधे बदलून घेऊ नयेत. डॉक्टरांनाही संकोच होतो.

आता मुख्य मुद्दा. नवे जाळे येते तेव्हा जुने बंद होते. सिंगापुरात २जी सेवा एप्रिल २०१७ मध्ये थांबली आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून ३जी टप्प्याटप्प्याने बंद करण्यास आरंभ झाला. साधा जुना फोन तेव्हा निरुपयोगी होतो, हे सर्वांस कळते. न कळणारी गोष्ट अशी की काही फोन ४जीवर चित्रफिती दाखवतात, पण आवाजाचे बोलणे मात्र ३जीवरूनच करतात. ३जी गेल्यावर अशा फोनवर चित्र दिसत राहते आणि बोलणे बंद पडते. फोन चालू आहे असे समजून वृद्ध माणूस निश्चिंत राहतो. ९९५ फिरवण्याची वेळ येते तेव्हाच सत्य उमगते. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ मध्ये ३जी बंद करताना हाच धोका ध्यानी आला. काही फोन एरवी ४जीवर बोलत, पण आणीबाणीचा क्रमांक लावताना ३जी शोधू लागत. असे फोन जाळ्यावर घेऊच नयेत, असा आदेश तेथील शासनास काढावा लागला.

भारतात २जी अद्याप चालू आहे आणि कोट्यवधी साधे फोन त्यावर जगतात. 'टूजीमुक्त भारत' ही घोषणा कानाला गोड लागते. परंतु त्या साध्या फोनवर शेतमजूर बाईला मजुरी जमा झाल्याचा संदेश येतो आणि मार्च २०२२ पासून इंटरनेटविना पैसे पाठवण्याची सोयही त्यावर आहे. तिच्या हाती परवडणारा दुसरा फोन येण्याआधी ते जाळे काढून घेणे यास आम्ही प्रगती म्हणणार नाही.

दुसरी शंका अग्रक्रमाची. ५जीचे जाळे विभागून एखाद्या भागाला राखीव वाट देता येते. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय लोटतो, तेव्हा चुकलेल्या मुलाचा शोध घेणाऱ्या आईला फोन लागत नाही. तेथे रुग्णवाहिका व पोलिसांसाठी राखीव वाट असणे योग्यच. परंतु गर्दीत आधी वाट मिळण्याचा हक्क जादा पैसे भरणाऱ्यास विकण्याच्या योजनाही सिंगापुरात आल्या आहेत. रांगेत कोणास पुढे घ्यावयाचे आणि कोणास दूर उभे करावयाचे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. राखीव वाट आजाराच्या निकडीवर मिळावी, खिशाच्या वजनावर नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाचकांना एक विनंती. घरातील वृद्धांचा फोन एकदा हातात घ्यावा. मोबाइलचे इंटरनेट व वायफाय दोन्ही बंद करून त्यावरून साधा फोन लावून पाहावा. तेवढ्यावर न थांबता तो ४जीवर आवाज नेतो काय आणि आणीबाणीचा फोनही ४जीवर करतो काय, हे दुकानात विचारून घ्यावे. ९९५ मात्र उगाच फिरवू नये. पुढल्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आईच्या फोनचीही अशीच तपासणी करावी, आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या उशाशी चिकटवावा.