जुना ग्रूव्हबॉक्स विकू नका, ॲपही काढू नका

कॉर्ग या जपानी कंपनीचा इलेक्ट्राइब ईआर-१ हा तालाचा छोटा बॉक्स १९९९ साली बाजारात आला. पुढे २०१० च्या एप्रिलमध्ये ॲपलचा पहिला आयपॅड आला आणि त्याच सुमारास कॉर्गने आयइलेक्ट्राइब हे ॲप आणले. तीच सोळा बटणांची ओळ, तसेच चार सिंथ आवाज, तशीच हाय-हॅट आणि टाळी. फक्त नॉब आता काचेवर काढलेले. तेव्हापासून असे बॉक्स वाजवणाऱ्यांत वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, बॉक्स खरा, ॲप म्हणजे त्याचे चित्र. दुसरा म्हणतो, ॲपमध्ये सगळे आले, आता बॉक्स म्हणजे अडगळ. तिसरा म्हणतो, दोन्ही एकच आहेत, मग दोन कशाला बाळगायचे?

मला हे तिन्ही पक्ष अमान्य आहेत. जुना बॉक्स आणि त्याचे ॲप एका टेबलावर, एका क्लॉकवर, एकत्र वाजवावेत, असे माझे ठाम मत आहे. त्यातले एक टाकून दिले की उरलेल्याचेही बळ कमी होते.

ज्यांनी ग्रूव्हबॉक्स पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ड्रमचे आवाज, सिंथ आणि सिक्वेन्सर एकाच यंत्रात बसवलेले असतात. समोर सोळा बटणे. चार मात्रांचे प्रत्येकी चार भाग केले की सोळा पायऱ्या होतात. ज्या बटणाचा दिवा लागला तिथे ठोका पडतो आणि ओळ संपली की चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चक्र न थांबवता ठोके घालता-काढता येतात, नॉब फिरवून आवाज बदलता येतो. रोलंडने १९९६ मध्ये एमसी-३०३ आणला तेव्हा ग्रूव्हबॉक्स हे नाव रुळले. तसली यंत्रे त्याआधीही होती.

बॉक्सवाल्यांचा मुख्य आक्षेप आवाजाचा आहे. यंत्राचा आवाज जिवंत, ॲपचा आवाज नुसते गणित, असे ते म्हणतात. रोलंडच्या टीआर-८०८ बद्दल कोणी असे म्हटले तर मी त्याचे ऐकून घेईन. १९८० सालच्या त्या यंत्रात प्रत्येक ठोका ॲनालॉग सर्किटमधून निघतो. सॉफ्टवेअरला त्याची नक्कल कितपत साधते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. ईआर-१ च्या बाबतीत मात्र हा आक्षेप टिकत नाही. त्याचे चार सिंथ आवाज ॲनालॉग सर्किटमधून येतच नाहीत. आतली डिजिटल चिप ते हिशेबाने तयार करते. हाय-हॅट, क्रॅश आणि टाळी हे तर रेकॉर्ड केलेले नमुने आहेत. म्हणजे १९९९ च्या बॉक्समध्येही गणितच होते. ते बॉक्समध्ये असताना जिवंत आणि आयपॅडवर गेल्याबरोबर मेलेले, असे म्हणता येणार नाही.

अपवाद आहेत आणि ते मान्य केले पाहिजेत. कॉर्गने २००३ मध्ये ईएमएक्स-१ आणि ईएसएक्स-१ आणले. त्यांत खऱ्या व्हॅक्यूम ट्यूब बसवल्या होत्या, वरून दिसतील अशा. आयइलेक्ट्राइबच्या पडद्यावरही तशाच ट्यूब दिसतात, पण त्यांचा परिणाम हिशेबाने काढलेला आहे. तिथे फरक ऐकू येतो. तरीही सगळ्या जुन्या यंत्रांना ‘खरे’ आणि सगळ्या ॲपना ‘खोटे’ ठरवण्याइतका तो पुरावा मोठा नाही.

खरा फरक हाताचा आहे, आणि गंमत म्हणजे आवाजावर भांडणारे त्याबद्दल फारसे बोलत नाहीत. नॉबला अटकाव असतो. तो किती फिरला हे बोटांना कळते, डोळ्यांनी पाहावे लागत नाही. एका हाताने बास ड्रमचा सूर खाली आणत दुसऱ्या हाताने त्याची लांबी वाढवता येते आणि नजर समोरच्या गायकावर ठेवता येते. काचेवर हे जमत नाही. काचेवर बोट कुठे टेकले हे पाहावेच लागते, आणि पाहण्यात गेलेला क्षण तालाला महाग पडतो. पॅडचेही तसेच. रॉजर लिन यांनी आकाईसाठी घडवलेला एमपीसी६० १९८८ मध्ये आला. त्याचे रबरी पॅड बोटाचा जोर ओळखतात: हळू मारले तर हळू, जोरात मारले तर जोरात. २०१२ मध्ये त्या घराण्याचे आयएमपीसी हे आयपॅडचे ॲप आले. ते चांगले आहे, मी ते वापरतो. पण काचेला जोर कळत नाही. डेट्रॉइटचा हिप-हॉप निर्माता जे डिला एमपीसीवर ठोके हाताने वाजवी आणि अनेकदा ते यंत्राकडून सरळ करून घेत नसे. त्याचा एमपीसी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याच्या ठोक्यांतल्या किंचित मागे रेंगाळण्यात पॅडवर बसलेल्या बोटांचाही वाटा होता.

मग ॲप कमी दर्जाचे ठरते का? मुळीच नाही. आख्खा पॅटर्न एका नजरेत दिसणे, दहा तऱ्हा करून बघणे आणि दहाही जपून ठेवणे, ही ॲपची कामे आहेत. ईआर-१ वर पॅटर्न बदलून ‘राइट’ दाबायचे राहिले आणि पुढच्या पॅटर्नवर गेलात, तर केलेले सगळे गेले. लोकलमध्ये किंवा एसटीत मांडीवर ग्रूव्हबॉक्स उघडून कोणी बसत नाही; फोनवर मात्र कल्याण ते दादर एवढ्या प्रवासात एक ठेका पुरा होतो. गोरिलाझ या ब्रिटिश बँडने २०१० च्या अमेरिका दौऱ्यात ‘द फॉल’ हा अल्बम बराचसा आयपॅडवर रचला. प्रवासात सुचलेले प्रवासातच धरून ठेवण्याची सोय बॉक्सपाशी नाही.

आता ॲपवाल्यांकडे वळतो. जो आवाज खिशात मावतो त्यासाठी टेबलभर लोखंड कशाला, असा त्यांचा सवाल असतो. त्यांना माझे एकच विचारणे आहे: तुमचे ॲप किती वर्षे चालेल? २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ॲपलचे आयओएस ११ आले आणि ३२ बिटची सगळी ॲप एका अपडेटनिशी बंद झाली. ज्यांच्या निर्मात्यांनी ती नव्याने लिहिली नाहीत ती कायमची गेली, त्यांतल्या रचनांसकट. त्याच वर्षी जूनमध्ये रीबर्थ गेले. स्वीडनच्या प्रॉपेलरहेड कंपनीने १९९७ मध्ये संगणकासाठी हे सॉफ्टवेअर काढले होते. त्यात रोलंडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ यांची प्रतिकृती होती, पुढे टीआर-९०९ चीही भर पडली. २०१० मध्ये ते आयफोन आणि आयपॅडवर आले. रोलंडने आपल्या बौद्धिक संपदेचा मुद्दा उपस्थित केल्यावर ॲप मागे घेतले गेले. रोलंडचा हक्क योग्य की अयोग्य, या वादात मी पडत नाही. पैसे देऊन घेतलेले वाद्य दुसऱ्यांच्या पत्रव्यवहारात नाहीसे होऊ शकते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. १९९९ चा ईआर-१ मात्र ॲडॉप्टर लावला की आजही सुरू होतो. तो कोणाची परवानगी मागत नाही.

यावरून बॉक्स अमर आहे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. २००० सालचा ईएस-१ आणि नंतरचा ईएसएक्स-१ हे दोन्ही सँपल स्मार्टमीडिया कार्डावर साठवतात. ते कार्ड बाजारातून कधीच गेले. कॉर्गलाही २०१० मध्ये एसडी कार्डाची आवृत्ती काढावी लागली. बटणांचे संपर्क झिजतात, नॉब खरखरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग धुंडाळले तरी प्रत्येक भाग मिळेलच असे नाही. म्हणजे दोघांचेही आयुष्य मर्यादित आहे, फक्त दोघांवर येणारे संकट वेगळे. बॉक्सचा घात यंत्राच्या झिजेने होतो आणि ॲपचा दुसऱ्याच्या निर्णयाने. ही दोन संकटे सहसा एका दिवशी येत नाहीत. एकाची रचना दुसऱ्यापाशी असेल तर ती वाचते. दोन्ही ठेवा असे मी म्हणतो त्याचे माझ्या लेखी हे सर्वांत मोठे कारण आहे.

ॲपवाल्यांचा आणखी एक मुद्दा असतो: जुन्या बॉक्सला मर्यादा फार. इथे मला चरणजीत सिंग यांची आठवण करून द्यावीशी वाटते. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत वाजवणारे हे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडचे टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ घेऊन दहा रागांची एक रेकॉर्ड केली, डिस्कोच्या ठेक्यावर. टीबी-३०३ हे यंत्र बास गिटारवादक हाताशी नसलेल्यांच्या साथीसाठी काढलेले. त्यात स्वर भरणे किचकट, आणि १९८४ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. मींडेची सवय असलेल्या कानाने ती बरोबर हेरली. त्या रेकॉर्डकडे तेव्हा कोणी लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे चकित झाले, कारण शिकागोच्या फ्युचर या गटाने त्याच टीबी-३०३ वर ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढले ते पाच वर्षांनंतर, १९८७ मध्ये. चरणजीत सिंगांना त्या यंत्रात जे सापडले ते शंभर आवाजांच्या यादीतून निवडलेले नव्हते. यंत्रात होते तेवढेच घेऊन, त्याला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्याने सापडले. बॉक्सच्या मर्यादा हात शिकून घेतो, आणि शिकलेला हात ॲपवर आला की तिथल्या मोकळेपणातही भरकटत नाही. उलट फक्त ॲपवर वाढलेले अनेक जण नवा आवाज शोधण्यात संध्याकाळ घालवतात आणि ठेका तसाच राहतो.

आता तिसरा पक्ष, दोन्ही एकच म्हणणाऱ्यांचा. त्यांनी दोन्ही एकत्र जोडून वाजवून पाहिलेले नसावे. ईआर-१ ला ऑडिओ इन आहे. बाहेरचा कोणताही आवाज त्यात सोडला की सोळा पायऱ्यांपैकी तुम्ही निवडाल तेवढ्याच पायऱ्यांवर तो उघडतो, एरवी बंद. फोनवर तानपुऱ्याचे ॲप लावून फोनची केबल ईआर-१ मध्ये द्या. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा सोळा बटणांवर मांडा, एका मात्रेला दोन बटणे. मग तानपुऱ्याचा अखंड सूर ठेक्याच्या जागांवरच ऐकू येऊ लागतो, आणि बाजूला बास ड्रम त्याला जमीन देतो. हे एकट्या फोनचे काम नाही आणि एकट्या बॉक्सचेही नाही. आयइलेक्ट्राइबचा ताल त्याच वाटेने बॉक्समध्ये सोडला, तर एका पॅटर्नने दुसऱ्याला कापत नेता येते. एकाच आराखड्याची ही दोन वाद्ये शेजारी ठेवली की ती एकमेकांची पुनरुक्ती करत नाहीत.

ॲपमधला पॅटर्न बॉक्समध्ये आपोआप जात नाही, ही तक्रार खरी आहे. तो पायरी-पायरीने पुन्हा भरावा लागतो. मला हे काम आवडते. हाताने उतरवून घेताना कोणता ठोका नको होता ते कळते, आणि बॉक्सवर येईपर्यंत ठेका बहुधा हलका झालेला असतो.

दोघांना एका लयीत ठेवण्याचे श्रेय मिडीला. रोलंडचे इकुतारो काकेहाशी आणि प्रॉफेट सिंथ घडवणारे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एका भाषेत बोलू लागली. २०१३ मध्ये दोघांना त्यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळाले. मिडी क्लॉक एका मात्रेला २४ स्पंद पाठवते. म्हणजे १२० च्या लयीत सेकंदाला ४८, आणि सोळा पायऱ्यांतल्या प्रत्येक पायरीला ६. माझा आग्रह असा की लय बॉक्सने द्यावी आणि ॲपने ती घ्यावी. फोनच्या प्रोसेसरवर दुसरी शंभर कामे चालू असतात. बॉक्सला तेवढे एकच काम असते. यूएसबी-मिडीची साधी केबल पुरते. एक पथ्य मात्र कसोशीने पाळा: ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवू नका. फोनमधला २५६ नमुन्यांचा बफर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने जेमतेम ६ मिलिसेकंदांचा उशीर करतो आणि तो हाताला चालतो. ब्लूटूथचा उशीर याच्या कितीतरी पट असतो, आणि मग दोष विनाकारण ॲपच्या माथी येतो.

खर्चाचा प्रश्न उरतो. दोन्ही घेणे सगळ्यांना परवडत नाही, हे मला मान्य आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने ॲपपासून सुरुवात करावी. ते बॉक्सपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. हात बसला आणि काच अपुरी वाटू लागली, की मगच सेकंड हँड बॉक्स शोधावा. घेताना प्रत्येक बटण दाबून आणि प्रत्येक नॉब पूर्ण फिरवून पाहावा.

ज्यांच्याकडे जुना बॉक्स आहे त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या ईआर-१ मध्ये मिडी डेटा डंपची सोय आहे. आठवड्याभरात एक संध्याकाळ काढा, केबल लावा आणि सगळे पॅटर्न सिसेक्स फाइल म्हणून संगणकावर किंवा टॅबवर उतरवून घ्या. ॲपमधल्या रचनाही ऑडिओ म्हणून बाहेर काढून दुसरीकडे ठेवा, पुढचा अपडेट घेण्याआधी. आणि कंपन्यांनी एवढे करावे: ज्या यंत्राच्या नावावर ॲप विकता, त्या यंत्राचा डंप त्या ॲपला वाचता आला पाहिजे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी ते यंत्र विकत घेतले, त्यांचा तेवढा हक्क आहे.