माळवद पाडण्यापूर्वी

जुन्या इमारतींविषयी सध्या दोन पक्ष हिरिरीने बोलताना दिसतात. एक पक्ष म्हणतो, पूर्वजांनी बांधले ते जसेच्या तसे राहिले पाहिजे. त्यात खिळासुद्धा ठोकता कामा नये. दुसरा म्हणतो, उन्हाळे वाढले, विजेची बिले वाढली. अंधाऱ्या वाड्यांना कवटाळून बसण्यापेक्षा ते पाडावेत आणि नव्या सोयींची घरे उभारावीत, म्हणजे माणूसही सुखी होईल आणि वीजही वाचेल. गंमत अशी की, दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते. वारसा जपायचा तर विजेची उधळपट्टी सोसावी लागेल, आणि वीज वाचवायची तर वारशावर पाणी सोडावे लागेल. हे गृहीतच मुळात तपासून पाहण्याजोगे आहे, आणि ते तपासायला बिदर व कलबुर्गी हे सीमेवरचे जिल्हे फार उपयोगी पडतात.

मी स्थापत्याचा जाणकार नव्हे. वडील संस्थानच्या दरबारातले गवई. संस्थान विलीन झाल्यावरही दसऱ्याच्या बैठकीपुरते त्यांचे नाव पटावर राहिले. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य, आणि गाणे शिकवून पोट भरतो. महिन्यातले काही दिवस भालकी व बसवकल्याण ह्या भागात शिकवणीला जाण्याचा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. आपल्याकडच्या भाविकांना तो मुलूख गाणगापूरमुळे ठाऊक असतो; हुमनाबादजवळच्या माणिकनगरला दत्तजयंतीच्या उत्सवात हजेरी लावणाऱ्या गायक-वादकांना तर तो परका वाटतच नाही. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा इकडे आले आणि भालकी, बसवकल्याण तिकडे राहिले. परंतु घर बांधण्याची रीत त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकच आहे: दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद.

आपल्याकडच्या कौलारू घरांत वाढलेल्यांना माळवद म्हणजे काय हे थोडे सांगितले पाहिजे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर किलचाच्या काटक्या किंवा फळ्या, त्यांवर पाल्याचा थर, त्यावर माती, आणि सर्वांत वर पांढरी माती. ही पांढरी माती पाणी मुरू देत नाही, म्हणून मृगापूर्वी दरवर्षी तिचा नवा हात फिरवायचा. उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी माळवदात सवणे, म्हणजे वरचा झरोका, ठेवलेला असतो. भिंत दोन-अडीच फुटांची. दिवसाचे ऊन त्या भिंतीतून आणि त्या मातीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होऊन जाते, आणि तोवर बाहेरची हवा उतरलेली असते. मग सवणे आणि दारे उघडावी. रात्रीचा गारवा आत येतो आणि भिंती तो दुसऱ्या दुपारपर्यंत पुरवून पुरवून वापरतात. खाली शहाबादी फरशी असली तर विचारायलाच नको. सिमेंटच्या स्लॅबचे वर्तन नेमके उलट असते. चार-पाच इंचांचा तो थर दुपारीच तापतो आणि माणसे अंथरुणावर पडली की साठवलेली धग खाली सोडू लागतो. मग पंखा, मग कूलर, मग वातानुकूलन, आणि मग बिलाची तक्रार.

ह्याचा पडताळा मला माझ्या धंद्यात रोज येतो. एक वर्ग मी माळवदाच्या वाड्यात घेतो, दुसरा स्लॅबच्या खोलीत. वैशाखात वाड्यात सकाळी लावलेला तंबोरा दोन-दोन तास जागचा हलत नाही. स्लॅबच्या खोलीत तापलेल्या हवेने आणि पंख्याच्या झोताने तारा सतत उतरतात, आणि अर्धा वेळ खुंट्या पिळण्यात जातो. आवाजाचेही तसेच. माती आणि लाकूड स्वर जिरवून घेतात, त्यामुळे मुलाला स्वतःचा गळा ऐकू येतो. सिमेंटच्या चार भिंतींत एकाच्या आरोहावर दुसऱ्याचा अवरोह येऊन आदळतो.

हे ज्ञान केवळ खेड्यातल्या गवंड्यापुरते होते असे समजू नये. गुलबर्ग्याच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गीच्या किल्ल्यात १३६७ सालची जामा मशीद आहे. अशा मशिदींना बहुधा मधोमध उघडे अंगण असते. इथे ते नाही, सबंध इमारत घुमटांनी आच्छादलेली आहे. बाहेरच्या बाजूंच्या रुंद कमानींतून उजेड आणि वारा आत येतो. चाळीस अंशांवर पारा चढणाऱ्या गावात भर दुपारी तिथे उभे राहावे, म्हणजे सावली आणि वारा ह्यांचा हिशेब किती बारकाईने मांडला होता हे कळते. बिदरला महमूद गवानाचा मदरसा १४७२ चा. १६९६ साली दारूच्या स्फोटात त्याचा मोठा भाग उडाला. तरी उरलेल्या उंच दालनांत, विजेचा दिवाही नसताना, पुस्तक वाचता येईल इतका उजेड असतो. आणि नौबादची सुरंग बावी! बहमनी काळात जमिनीखालून खोदलेला तो दोन किलोमीटरांहून लांब पाट केवळ उताराच्या बळावर पाणी वाहून नेण्यासाठी होता. मराठी वाचकांना औरंगाबादची नहर ठाऊक आहे. तिचीच ही जातकुळी. आज पाण्याचा प्रत्येक हंडा विजेच्या पंपाने चढवणाऱ्या आपण त्या पाटाला निव्वळ प्रेक्षणीय स्थळ म्हणावे, ह्यात थोडी लाज वाटण्यासारखे आहे.

इथवर वाचून जुन्याचा अभिमानी वाचक मान डोलावेल. पण प्रश्नाची खरी गाठ पुढेच आहे.

माझा वर्ग ज्या वाड्यात भरतो, त्याचे मालक गेली दोन वर्षे माळवद पाडण्याच्या विचारात आहेत. मी एकदा त्यांच्यापाशी माळवदाची बाजू मांडत होतो, तेव्हा घरातल्या आजी, ज्यांचे माहेर किल्लारीकडचे, शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, गार असतंय हे मलाबी ठाव हाय. पर माझे दोन भाऊ माळवदाखालीच गेले. मी अंगणातच निजते." ह्यावर कोणते स्थापत्यशास्त्र सांगणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीचे विसर्जन करून दमून झोपलेली गावेच्या गावे गाडली गेली आणि सुमारे दहा हजार माणसे मेली. सीमेपलीकडच्या बिदर-गुलबर्ग्यालाही तो हादरा बसला. त्या दिवसापासून ह्या भागात माळवद ह्या शब्दाला मृत्यूचा वास लागला आहे. जो कोणी त्या भीतीला अडाणीपणा म्हणेल, त्याने वारशाच्या गप्पा मारू नयेत.

तथापि, माणसे कशाने मेली हे नीट पाहिले पाहिजे. भिंतींचा आतला आणि बाहेरचा पदर वेगवेगळा रचलेला, मध्ये मातीची भर, आणि दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. त्यामुळे हादऱ्यासरशी भिंती फाटल्या. वर दरवर्षीची नवी माती टाकताना जुनी खरवडलीच नाही, म्हणून माळवद पिढ्यान्‌पिढ्या जाड होत गेले. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर एक फूट मातीचा थर म्हणजे साडेचार टनांच्या आसपास वजन. दोन फूट असेल तर नऊ टन. उलट ज्या घरांत हा भार धड लाकडी खांबांच्या चौकटीवर होता, तिथे भिंत ढासळूनही छप्पर तगले, असे प्रकार घडले. म्हणजे दोष मातीत नव्हता. अति मातीत आणि न बांधलेल्या भिंतीत होता. त्या दोहोंवर उपाय आहे. साचलेली माती काढून थर काही इंचांवर आणावा, खाली पाणी अडवणारा जाड कागद घालावा, खांब-तुळयांचे सांधे तिरक्या आधारांनी घट्ट करावे, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवावेत आणि माथ्यावरून चारी बाजूंनी बांधणारा पट्टा फिरवावा. गारवा थोडा उणावेल, पण जीव वाचेल. हे काम जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे. आणि त्याच मातीच्या जुन्या भिंतींवर नुसता स्लॅब टाकून स्वतःला सुरक्षित समजणारे गृहस्थ मात्र एक धोका काढून दुसरा डोक्यावर घेत आहेत, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट चुन्याची. बिदरचा किल्ला आणि गावातले कितीक वाडे जांभ्या दगडाचे आहेत. हा दगड सच्छिद्र. तो ओल घेतो आणि सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला श्वास घेऊ देतो. डागडुजी म्हणून वरून सिमेंट थापले की ओल आत कोंडते, दगड भुसभुशीत होतो आणि भिंत कोंदट होऊन खोलीत पंखा दिवसभर फिरवावा लागतो. चुन्याचा दगड कलबुर्गी जिल्ह्यात हवा तेवढा आहे. वाडी आणि सेडमच्या सिमेंट कारखान्यांचे खाद्य तेच आहे. परंतु चुना सुमारे ९०० अंशांवर भाजतो, सिमेंटला १४५० अंशांच्या आसपास भट्टी लागते. आणि जगात हवेत सोडल्या जाणाऱ्या कर्बवायूपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याचा आहे. शंभर वर्षांचा सागवान आणि दगड मोडीत काढून, त्या जागी सिमेंट-लोखंड ओतून, वर कमी विजेचे दिवे लावून 'वीज वाचवली' म्हणणे म्हणजे घर विकून भाड्याची काटकसर सांगण्यासारखे आहे.

मग जुन्या वास्तूत वीज येऊच द्यायची नाही काय? तसे मुळीच नाही. मुलांना अभ्यासाला दिवा हवा, म्हाताऱ्यांना पंखा हवा. फक्त ती कशी यावी ह्याला शिस्त हवी. तारा भिंतीत चर पाडून न नेता वरून नळीतून न्याव्यात, म्हणजे उद्या काढताही येतील. जुनाट तारा आणि लोंबते जोड आधी काढावेत. पंखा शक्यतो उभा वापरावा. सौरपट्ट्या माळवदावर लादू नयेत. अंगणात मांडव करावा किंवा गोठ्याच्या छपरावर त्या बसवाव्यात. लाकडी वास्तूला आग किती वेळात खाते हे कोल्हापूरकरांना दुसऱ्याने सांगायला नको. १९१५ साली शाहू महाराजांनी उभारलेले आणि पुढे केशवराव भोसल्यांचे नाव ल्यालेले आपले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत जळाले. त्याची राख पाहिलेल्या माणसाने तरी जुन्या लाकडाशेजारून जाणाऱ्या प्रत्येक तारेकडे दोनदा पाहावे.

राहता राहिला सरकारचा प्रश्न. बिदर, गुलबर्ग्याची स्मारके युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०१४ साली गेली. संरक्षित स्मारकांभोवती शंभर मीटरांत नव्या बांधकामाला बंदी आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवान्याची अट, हा २०१० च्या दुरुस्तीचा कायदाही आहे. हे योग्यच झाले. परंतु किल्ला आणि मदरसा ह्यांचा वाली पुरातत्त्व खाते. ज्या वाड्यात माणसे राहतात त्याचा वाली कोण? सरकारी भाषेत मातीचे छप्पर म्हणजे 'कच्चे' आणि स्लॅब म्हणजे 'पक्के'. ह्या एका शब्दाने जितकी माळवदे पाडली तितकी पावसाने पाडली नसतील. कर्नाटकात २०२३ साली दरमहा दोनशे युनिटांपर्यंत घरगुती वीज माफ करण्याची योजना आली, आणि २०२४ साली केंद्राने छतावरच्या सौरपट्ट्यांसाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केले. वीज फुकट देण्याला पैसा आहे, वीज तयार करण्याला आहे. जे घर मुळात वीज कमी मागते ते मजबूत करण्यालाही थोडा द्यावा, एवढेच माझे मागणे आहे. भूकंपाला टिकेल अशी माळवदाची दुरुस्ती करणाऱ्या घरमालकाला, स्लॅब घालणाऱ्याइतकीच मदत मिळाली पाहिजे. पांढरी माती पसरणारे आणि चुना मळणारे हात अजून गावोगाव थोडेफार आहेत. त्यांच्यापाशी चार तरुण पोरे शिकायला बसवली पाहिजेत. गाण्यातली एखादी बंदिश गुरूबरोबर गेली की ती पुस्तकातून परत येत नाही, हे आम्हां गाणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. गवंड्याच्या विद्येचेही तेच.

तेव्हा वाडा असलेल्या प्रत्येक गृहस्थाला माझी विनंती आहे. माळवद पाडण्यापूर्वी एकदा वर चढा आणि मातीचा थर किती फुटांचा झाला आहे तो मोजा. भिंतीच्या दोन पदरांत फट आहे का ते अभियंत्याला दाखवा. दुरुस्तीचा खर्च आणि स्लॅबचा खर्च, त्यापुढच्या वीस उन्हाळ्यांच्या बिलांसकट, एका कागदावर शेजारीशेजारी मांडा. एवढे करूनही पाडावेसे वाटले तर अवश्य पाडा. घर तुमचे आहे, जीव तुमचे आहेत. पण हिशेब न मांडता पाडू नका.