व्हिडिओतला मूळ आवाज पुसू नका

गळीत हंगाम ऐन भरात असताना, म्हणजे सोनईच्या रस्त्यांवर रात्रंदिवस उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत धावत असतात त्या दिवसांत, तिशीतला एक तरुण ओपीडीत आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) झोप येत नाही, रात्री छातीत भरून येतं, अशी तक्रार. रक्तदाब ठीक, ईसीजी ठीक. आई जाऊन दोन महिने झाले होते.

मी विचारपूस करू लागलो तेव्हा त्यानं फोन काढून समोर धरला. साडेचारशे फोटो, पंचवीसेक व्हिडिओ. आई भाकरी थापतेय, नातवाला चालायला शिकवतेय, शिंगणापूरच्या रस्त्यावर रसवंतीत बसलीय. "सर, सगळ्यात आई आहे, पण आईचा आवाज एकातही नाही." खरंच नव्हता. स्टेटसला ठेवताना त्यानं प्रत्येक व्हिडिओचा मूळ आवाज बंद करून वर गाणं टाकलं होतं. मग फोनची जागा भरली, तेव्हा मूळ व्हिडिओ पुसून टाकले. राहिले ते गाण्याचे.

माझ्याकडे यावर गोळी नव्हती. झोपेसाठी थोड्या दिवसांचं औषध दिलं, पंधरा दिवसांनी बोलावलं. आणि एक सुचवलं, जे कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही: आईनं कुणाकुणाला व्हॉइस मेसेज पाठवले होते, ते नातेवाइकांना विचार.

हा दोष एकट्या त्याचा नाही, मोबाइलचाही नाही. माझं लग्न १९९७ सालचं. त्या काळी लग्नाची व्हिडिओ कॅसेट निघायची आणि तीवर अथपासून इतिपर्यंत सिनेमाची गाणी चढवलेली असायची. आम्हालाही तेच हवं होतं, त्याशिवाय कॅसेट पूर्ण वाटत नसे. माझ्या आजोबांनी त्या दिवशी स्वतः मंगलाष्टकं म्हटली. कॅसेटमध्ये त्यांचं तोंड उघडतं, मिटतं आणि ऐकू येतं एक हिंदी युगुलगीत. पुढच्याच वर्षी आजोबा गेले. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला तो मुका, आणि मराठी बोलपट यायला १९३२ उजाडलं, प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'नं. त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता. आपण मात्र बोलतं चित्र हातात असताना ते मुकं करून ठेवतो.

फोटो काढतानाच आपला कान थोडा बंद होतो, हेही अभ्यासात दिसलंय. 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात २०१७ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. संग्रहालयात फिरणाऱ्यांच्या कानात माहिती सांगणारा आवाज लावला होता. काहींना फोटो काढायची मुभा होती, काहींना नव्हती. फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं जास्त चांगलं आठवलं, पण ऐकलेलं कमी. नुसतं मनातल्या मनात फोटो काढायला सांगितलं तरी तसाच कल दिसला. मेंदूचं लक्ष ही मोजकी शिधासामग्री आहे, डोळ्यांना जास्त वाढलं की कानाच्या वाट्याला कमी येतं. म्हणजे ज्या क्षणाचा आपण हौसेनं व्हिडिओ घेतला, त्यातला आवाज आपल्या डोक्यातही कच्चाच नोंदला गेलेला असण्याची शक्यता आहे. आणि मग तोच आवाज आपण फोनमधूनही काढून टाकतो.

याचा वैद्यकाशी काय संबंध, असं कुणी विचारील. माझ्या घरातच उत्तर आहे. आई एक्क्याऐंशी वर्षांची, गेली चार वर्षं स्मृती ढासळत चाललेली. सुरुवातीला मी रोज संध्याकाळी अल्बम काढून बसायचो. "हे कोण, ओळख बरं?" डॉक्टर मुलगा असल्यानं बहुधा तपासणीच्या थाटात. ती गोंधळायची, चुकीचं नाव घ्यायची, माझा चेहरा पाहून आणखी गोंधळायची. दोनदा रडली. मी परीक्षा घेत होतो आणि ती नापास होत होती, हे कळायला मला, तीस वर्षं रुग्ण तपासलेल्या माणसाला, काही महिने लागले.

मग भाचीच्या लग्नात हळद दळायला जातं मांडलं. बायका बसल्या, आईलाही हाताला धरून बसवलं. तिनं खुंटा धरला आणि ओवी म्हणायला लागली. एक नाही, सात-आठ. भावाच्या, माहेरच्या वाटेच्या. त्याच दुपारी अल्बममधला तिच्या लग्नाचा फोटो कुणीतरी सहज समोर ठेवला, तर न विचारता तिनं आत्याचं आणि दोन्ही मामांचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेलं, हेही सांगायला हवं. हा उपचार नव्हे.

पण याला आधार आहे. ओळखीचं, आयुष्याशी जोडलेलं गाणं ऐकताना कपाळामागचा मेंदूचा मधला भाग सक्रिय होतो, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधनात २००९ साली दाखवलं गेलं. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासात दिसलं, की जुनी गाणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागांची झीज अल्झायमरमध्ये इतर भागांच्या मानानं कमी होते. म्हणून माझं मत आता पक्कं आहे: विसरणाऱ्या माणसापुढे आधी आवाज ठेवा, मग फोटो. आणि ओळखायला लावू नका, आपणच सांगा, "ही बघ तुझी मावशी."

त्या ओवीचा पुढचा किस्सा असा, की भाचीनं तिचा व्हिडिओ घेतला होता. संध्याकाळी स्टेटसवर पाहतो तर आईच्या ओठांवर सिनेमाचं गाणं! मूळ प्रत फोनमध्ये होती म्हणून वाचलो. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्याला आपल्या घरातल्या आठ सांभाळता येऊ नयेत?

कानाबद्दलही दोन शब्द. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्याजोगी कारणं दिली आहेत, त्यांत ऐकू कमी येणं हे मोठ्या कारणांपैकी एक आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ही मर्यादा मानली, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते, १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. वरातीत रील चांगलं यावं म्हणून डीजेच्या भिंतीला खेटून नाचणारी पोरं तिथं तासन् तास असतात. ट्रॅक्टरवाल्यांना मी मागचा हॉर्न ऐकू येत नाही म्हणून टोकतो, ते हसतात. असो.

रेकॉर्डिंगसाठी वेगळं काही लागत नाही. पंखा बंद करा, फोन तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा आणि त्याच्याकडे बघू नका. "काहीतरी बोल" म्हटलं तर म्हातारी माणसं भाषण करतात. त्यापेक्षा पुरणाचं प्रमाण विचारा, बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या कामावर होतात ते विचारा. ऐकू कमी येत असेल तर आधी कानातला मळ तपासून घ्या, निम्म्या वेळा तोच असतो असा माझा अनुभव. स्टेटसला गाणं टाकायचं तर खुशाल टाका, पण प्रतीवर. मूळ फाइल आणखी एका फोनमध्ये पाठवून ठेवा.

तो तरुण पंधरा दिवसांनी आला. मावशीच्या फोनमध्ये आईचा एक मेसेज सापडला होता, चौदा सेकंदांचा. त्यानं तो मला ऐकवला. "उद्या येतीयेस ना? येताना दळण घेऊन ये, आन् उशीर करू नको, उन्हं चढत्यात." मागे कोंबडी ओरडत होती. झोप लागते का, विचारलं. म्हणाला, कधी कधी. गोळी अर्धी केली आणि पुढची तारीख दिली.