अनुकृतीचा कैवार

तैलरंगात व्यक्तिचित्रण शिकू पाहणाऱ्याने एखाद्या पूर्वसूरीच्या चित्राची अनुकृती करावी की नाही, या वादात अनुकृतीविरुद्धची सर्वांत वजनदार फिर्याद सर जोशुआ रेनॉल्ड्स यांची आहे. आणि ते स्वतः लंडनच्या रॉयल अकादमीचे पहिले अध्यक्ष व निष्णात व्यक्तिचित्रकार असल्यामुळे ती सहजासहजी निकालात काढता येत नाही. १७६९ साली विद्यार्थ्यांपुढे केलेल्या व्याख्यानात त्यांनी असे प्रतिपादिले की, सरसकट नक्कल हा उद्योगाचा निव्वळ आभास असून तीत निवडीची व रचनेची शक्ती निद्रिस्त राहते, आणि काहीतरी केल्याचे समाधान मात्र पदरात पडते. रंगकामाचे यांत्रिक अंग तिने काही अंशी साधते, एवढीच सवलत ते देतात.

या फिर्यादीतला एक भाग मी निःसंकोच मान्य करतो. चौकोन आखून आकृती उतरवायची, वरच्या कोपऱ्यापासून एकेक चौकोन पुरा करीत खाली यायचे, आणि कालांतराने पिवळ्या पडलेल्या रोगणाची छटासुद्धा आचार्यांचीच समजून इमानाने रंगवायची, असे काम करणाऱ्याची बुद्धी खरोखरच झोपलेली असते. परंतु त्याने चित्राचा केवळ पृष्ठभाग पाहिलेला असतो, आणि तैलचित्र तर थरांनी घडते व पुरे झाले की आपल्या घडणीचा क्रम झाकून टाकते. तो क्रम शोधून काढणे हेच अनुकृतीचे खरे प्रयोजन होय.

सतराव्या शतकातील एखादा चेहरा घ्या. कपाळावरचा उजेड ओसरून छाया सुरू होते तेथे, कानशिलापाशी, पुष्कळदा एक शीतल, करडी-निळसर छटा दिसते. शिकाऊ माणूस ती पाहून पॅलेटवर निळा रंग कालवतो, आणि चेहऱ्यावर मुका मार लागल्यासारखा डाग उमटतो. मूळ चित्रात अशा जागी निळ्या रंगाची गरज पडलेली नसते. वाळलेल्या तपकिरी थरावरून सफेदा मिसळलेला त्वचेचा रंग इतका विरळ ओढलेला असतो की, खालचा काळोख त्यातून निळसर भासतो. जिवंत मनुष्य समोर बसवून हे कळणार नाही, कारण त्याच्या कातडीखाली तपकिरी अस्तर नसते. छाया पातळ आणि उजेड जाड का ठेवावा, खालच्या थरापेक्षा वरच्या थरात तेल अधिक का असावे व ते कमी पडल्यास वरचा थर पुढे का तडकतो, हेही त्याच शोधाच्या ओघात उमगते. यातले यांत्रिक किती आणि बौद्धिक किती, ही वाटणी मला करता येत नाही. रेनॉल्ड्स यांचा युक्तिवाद मात्र सारा त्या वाटणीवरच उभा आहे.

नकलेने स्वत्व लोपते, हा दुसरा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. १६२८ साली रूबेन्स वकिलीच्या कामगिरीवर माद्रिदच्या दरबारी गेला तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला, युरोपभर कीर्ती पावलेला चित्रकार होता. तरीही राजसंग्रहातील टिशियनची चित्रे समोर ठेवून तो विद्यार्थ्याच्या निष्ठेने त्यांच्या अनुकृती करीत बसला. सम्राट पाचवा चार्ल्स आणि सम्राज्ञी इझाबेला यांचे टिशियनने काढलेले जोडचित्र आज नष्ट झाले असून त्याचे रूप आपणांस ठाऊक आहे ते रूबेन्सच्याच अनुकृतीमुळे. ‘आदम आणि ईव्ह’ची दोघांची चित्रे प्रादो संग्रहालयात आहेत, रूबेन्सने आदमाची ठेवण बदलली, झाडावर पोपट बसवला, आणि त्याचा हात तर कोठेही ओळखू येतो. सार्जंटने १८७९ साली त्याच प्रादोमध्ये व्हेलास्केथच्या व पुढच्या वर्षी हार्लेम येथे फ्रान्स हाल्सच्या अनुकृती केल्या, म्हणून त्याची व्यक्तिचित्रे या दोघांपैकी कोणाच्या नावावर खपतील काय?

मात्र अनुकृती मूळ चित्रासमोर उभे राहूनच करावी. छापील प्रतीत थरांची जाडी सपाट होते आणि चित्राचे मान हरवते. आपल्याकडे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहांतून आलेली युरोपीय तैलचित्रे आहेत. तेथील एखादे मस्तक, नव्हे त्याचा गाल आणि कानशील एवढेच घेतले तरी पुरे. रेनॉल्ड्स यांनी नकलेऐवजी सुचविलेला उपाय, म्हणजे तशाच विषयाचे स्वतःचे चित्र काढून मूळ चित्राशेजारी ठेवून पाहणे, मी त्यानंतरची पायरी म्हणून आनंदाने स्वीकारतो. त्या वेळी जिवंत माणसाचे कानशील रंगविताना हात पुन्हा निळ्या रंगाकडे वळला, तर विद्यार्थ्याने तो कॅनव्हास बाजूस ठेवून संग्रहालयात परत जावे.