मेरिडाचं धनुष्य आणि रुक्मिणीचं पत्र

गेल्या रविवारी अकोल्याला मामाकडे गेले होते. सात वर्षांच्या मामेबहिणीसोबत लॅपटॉपवर 'ब्रेव्ह' पाहिला. सिनेमा संपला आणि तिने विचारलं, "ताई, इचं लगन कोनासंग झालं?" म्हटलं, कोणासोबतच नाही. तिचं तोंड एवढुसं झालं. "मंग थे राजकुमारी कायची?"

हसू नका. हा प्रश्न आपल्याही डोक्यात असतो, फक्त आपण तो इतक्या सरळ विचारत नाही.

२०१२ च्या या सिनेमातली मेरिडा स्कॉटलंडची राजकुमारी. केस पिंजारलेले, स्वभाव हट्टी. तिच्यासाठी तीन सरदारांची मुलं तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरतात. स्पर्धा कोणती, हे मेरिडानेच ठरवलेलं असतं. शेवटी ती स्वतःच धनुष्य उचलते आणि तिघांनाही हरवते. म्हणजे स्वतःचा हात स्वतःच जिंकते! पण मला ती आवडते ते एवढ्यासाठी नाही. रागाच्या भरात ती मोठी चूक करते, जादूचा केक खाऊन तिची आई अस्वल होते. मग ती चूक कबूल करते आणि निस्तरतेसुद्धा. चुकणारी, शिकणारी, खरीखुरी पोरगी आहे ती.

पुढे काय झालं पाहा. २०१३ मध्ये डिस्नेने तिला आपल्या अधिकृत राजकुमाऱ्यांच्या यादीत घेतलं आणि तिचं नवं चित्र काढलं. कंबर बारीक, झगा चमचमता, केस नीटनेटके. आणि धनुष्य? गायब! मेरिडाची कल्पना जिची, त्या दिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमन यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. निषेधाच्या ऑनलाइन अर्जावर दोन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. ज्या वस्तूमुळे ती 'ती' होती, नेमकी तीच काढून तिला सुंदर केलं होतं.

आता म्हणाल, हे अमेरिकेचं झालं, आपल्याला काय त्याचं? तर जरा तिवसा तालुक्यात या. वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, विदर्भाच्या राजकन्येचं, रुक्मिणीचं माहेर. आषाढीला पंढरपूरला तिची पालखी जाते ती इथूनच. भागवताच्या दहाव्या स्कंधात तिची गोष्ट आहे. भाऊ रुक्मी तिचं लग्न शिशुपालाशी ठरवतो. तिला कोणी विचारत नाही. ती रडत बसत नाही, कृष्णाला पत्र लिहिते. सात श्लोकांचं. त्यात नुसतं प्रेम नाही, पक्का प्लॅन आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी मी नगराबाहेर देवीच्या दर्शनाला जाईन, तिथून मला ने. म्हणजे महालात माझ्या माणसांचं रक्त सांडणार नाही. ते देऊळ म्हणजे अमरावतीची अंबादेवी, असं आपण मानतो. पुढे लढाईत कृष्ण रुक्मीला मारायला निघतो, तेव्हा भावाचा जीव वाचवायला मध्ये पडते तीसुद्धा रुक्मिणीच.

एवढं सगळं करणाऱ्या मुलीच्या गोष्टीला आपण काय म्हणतो? 'रुक्मिणीहरण'. शब्द खोटा नाही, 'मला ने' असं तीच म्हणाली होती. पण त्या शब्दात रथ दिसतो, घोडे दिसतात, कृष्ण दिसतो. पत्र लिहिणारा हात दिसत नाही. गॅदरिंगच्या नाटुकल्यांमध्ये मी रुक्मिणी पाहिली ती अशीच. साडी भरजरी, दागिने ढीगभर, डायलॉग शून्य. मेरिडाचं धनुष्य काढलं, तसं आपण हिचं पत्र काढून घेतलं.

जुनी मराठी यात आपल्यापेक्षा पुढे होती, बरं का. तेराव्या शतकात आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठीची आद्य कवयित्री महदंबा हिने धवळे गायले, ते याच रुक्मिणीच्या लग्नाचे. पुढे संत एकनाथांनी हीच कथा लिहिली आणि ग्रंथाला नाव दिलं 'रुक्मिणी स्वयंवर'. स्वयंवर म्हणजे निवड तिची.

हे आज का लिहितेय? माझ्या ओळखीची एक मैत्रीण फायनल इयरला आहे. परीक्षेच्या तोंडावर घरून फोन आला, "पावणे येऊन राहिले, शनवारी ये." ती गेली, पोह्याचा ट्रे घेऊन बाहेर आली, खाली मान घालून बसली. तिला एम.एस्सी. करायचं आहे, हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. कारण कोणी विचारलं नाही आणि ती बोलली नाही. घरचे वाईट नाहीत तिचे. पण न बोललेलं कोणाला ऐकू येत नाही.

म्हणून मुलींनो, घरात एकदा तरी आपलं म्हणणं नीट मांडा. रुक्मिणीसारखं, प्लॅनसकट आणि आपल्या माणसांची काळजी ठेवून. आणि मुलांनो, या गोष्टीत तुमच्यासाठीही जागा आहे. बहिणीचं परस्पर ठरवणारा रुक्मी आहे, तसाच तिचं पत्र द्वारकेला पोचवणारा निरोप्याही आहे. बहिणीचं म्हणणं बाबांपर्यंत पोचवायला कधी कधी भाऊच लागतो.

मामेबहिणीला मी मग रुक्मिणीची गोष्ट सांगितली. तिने एकच विचारलं, "थ्या चिठ्ठीत तिनं काय लिवलं होतं?"

रथाचं तिने विचारलंच नाही.