आपला संघ कोणता?

माझा एक भाचा जपानात कावासाकी नावाच्या गावी नोकरीला आहे. टोकियो आणि योकोहामा यांच्या मधोमध वसलेले हे शहर म्हणजे तिकडचे घाटकोपर-मुलुंडच म्हणा ना! कारखाने, आगगाड्या आणि सकाळी घाईघाईने निघालेली माणसे. हा मुलगा इथे असताना कधी खेळाच्या वाटेला गेला नाही. तिथे मात्र सुटीच्या दिवशी लाल सदरा चढवून बास्केटबॉलचे सामने पाहायला जातो. मागे एकदा त्याने मला या संघाची सारी कुळकथा लिहून पाठवली. पत्राने नव्हे, मोबाइलवर. पण मजकूर पत्राइतकाच लांब होता, म्हणून त्याला पत्रच म्हणतो.

या संघाचे नाव 'ब्रेव्ह थंडर्स'. त्याचा जन्म १९५० सालचा, आणि तो झाला तोशिबा कंपनीच्या नोकरमंडळींत. दिवसा कारखाना आणि संध्याकाळी चेंडू, असा हा कारभार साठाहून अधिक वर्षे चालला. २०१६ साली जपानात 'बी लीग' ही नवी व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा संघाच्या नावापुढे शहराचे नाव लागले. २०१८ साली तोशिबाने संघ दुसऱ्या एका कंपनीच्या हवाली केला. मालक बदलला, गाव तेच राहिले. शेवटी भाच्याने विचारले होते, "मामा, आपल्या मुंबईचा असा संघ कोणता?"

मी तत्काळ उत्तर धाडले, "यू मुंबा!" मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे त्या 'यू'चा आणि मुंबादेवीचा समास कसा सोडवावा हे मला अद्याप उमगलेले नाही, पण ते असो. दोन मिनिटांत त्याचा दुसरा प्रश्न आला, "त्यात मुंबईचे किती?"

याचे उत्तर मी अजून दिलेले नाही. आज वाचकांच्या साक्षीने देण्याचा प्रयत्न करतो.

वाचकांना आठवत असेल, २०१४ सालच्या जुलैत प्रो कबड्डी लीग सुरू झाली. आठ शहरांचे आठ संघ, आणि खेळाडूंचा चक्क लिलाव! त्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली लागली ती राकेश कुमारवर, पाटण्याच्या संघाकडून, १२ लाख ८० हजारांची. 'कबड्डीला इतके पैसे?' म्हणून आमच्या स्टाफरूममध्ये चहा थंड झाला होता. मुंबईचा संघ रॉनी स्क्रूवाला यांच्या युनिलेझर कंपनीने घेतला. २६ जुलैला वरळीच्या एनएससीआयच्या घुमटाखाली स्पर्धेचा पहिलाच सामना झाला आणि मुंबईने जयपूरला ४५-३१ असे हरवले. ३१ ऑगस्टला त्याच जागी अंतिम सामना झाला, समोर पुन्हा जयपूरच. या वेळी मात्र ३५-२४ अशी हार पत्करावी लागली. आमचे चिरंजीव तेव्हा नऊ वर्षांचे होते. ते त्या रात्री जेवले नाहीत.

पुढच्या वर्षी मुंबई पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली, तेव्हा मी तिकिटे काढली. एक माझे, एक चिरंजीवांचे आणि एक काकांचे.

हे काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. साठ-सत्तरच्या दशकांत लालबाग-परळच्या मैदानांत ते डाव्या कोपऱ्यावर उभे राहत. त्यांना गिरणीत नोकरी मिळाली ती कबड्डीमुळेच. गिरणीच्या संघाला पकड करणारा हवा होता आणि काकांना भाकर हवी होती. साचेखात्यात बरोबरीची पोरे वर्षानुवर्षे 'बदली' म्हणून दारात ताटकळत असताना काकांना सहा महिन्यांत कायम केले. पहिली पाळी संपली की मैदान, अंगाला माती, गुडघ्याला हळद. पुढे त्यांचा गुडघा गेला, खेळ सुटला. नोकरी मात्र राहिली. ती गेली १९८२ च्या संपात. १८ जानेवारीला सुरू झालेला तो संप कसा संपला हे विचारले तर काका अजूनही म्हणतात, "संपला कुठे?" त्यानंतर ते भांडुपला बिऱ्हाड घेऊन आले. घरातल्या कपाटावर तीन चषक आहेत. त्यांवर कोरलेले गिरणीचे नाव वाचता येते. गिरणी पाहता येत नाही.

२३ ऑगस्ट २०१५. रविवार होता. मुलुंडहून दादर, आणि दादरहून गाडी बदलून महालक्ष्मी. लोअर परळ आले तसे काकांनी खिडकीतून बाहेर पाहिले. जिथे धुराडी होती तिथे काचेचे मनोरे. चिरंजीव नारिंगी सदऱ्यात, मुंबईच्या संघाचा रंग तो. काकांनी डोळे मिटून घेतले ते महालक्ष्मी येईपर्यंत.

आत गेल्यावर त्यांचे पहिले उद्गार, "मातीचा वासच नाही रे!" खरेच नव्हता. मॅट, झगझगीत दिवे, कानठळ्या बसवणारे संगीत. नियमही पुष्कळ नवे. चढाईला अवघे तीस सेकंद, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवा नाहीतर बाद व्हा; आणि बचावात तिघे किंवा त्याहून कमी उरले असताना पकड केली तर जादा गुण. काकांना हे सारे मी समजावून सांगत होतो. पाचव्या मिनिटापासून ते मला समजावून सांगू लागले.

मुंबईचा कर्णधार अनुप कुमार हा हरयाणाचा. पहिल्या हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला होता. त्याची चढाई पाहून घाईच्या माणसाला राग यावा. घाई नाही, आरडाओरडा नाही. जाऊन बोनस रेषेपलीकडे पाय टेकवायचा आणि एक गुण घेऊन, भाजी घ्यायला गेल्यासारखा, परत यायचे. काका पुढे वाकून पाहत होते. म्हणाले, "हा पोरगा अंगाने नाही, डोक्याने खेळतो. आमच्या वेळी असते तर याला जॉबर केला असता." संघात केरळचा शब्बीर बापू होता, तामिळनाडूचा जीवा कुमार होता, इराणचा फझल अत्राचली होता, आणि आपल्या मुंबईचे रिशांक देवाडिगा आणि विशाल मानेही होते. मुंबईने बंगळूरला ३६-३० असे हरवले. चिरंजीव खुर्चीवर उभे राहून नाचले. मी त्यांना खाली बसवणार होतो. पण काकाही उभेच होते, दुखऱ्या गुडघ्यावर.

परतीच्या गाडीत मी भाच्याचाच प्रश्न केला. अर्थात तो भाच्याने विचारायच्या पुष्कळ आधी. "काका, जिंकली मुंबई, पण मुंबईचे किती होते त्यात?" काका हसले. "आमच्या गिरणीच्या संघात सात जण. दोन मालवणचे, एक रत्नागिरीचा, तिघे साताऱ्याकडचे आणि मी. मीसुद्धा वयाच्या चौदाव्या वर्षी बोटीने आलो. मुंबईत मुंबईचा कोण होता कधी?"

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. विक्रोळी गेल्यावर म्हणाले, "कुठून आला याला महत्त्व नाही रे. राहतो किती दिवस ते बघ."

हे वाक्य मी पुढची काही वर्षे पडताळून पाहिले. २०१६ च्या मार्चमध्ये मुंबई सलग तिसऱ्यांदा अंतिम फेरीत पोहोचली आणि पाटण्याकडून ३१-२८ अशी हरली. त्यानंतर तो संघ हळूहळू विखुरला. रिशांक २०१७ साली उत्तर प्रदेशच्या संघात गेला. २०१८ च्या जानेवारीत त्याच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबादला सेनादलाला नमवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. मुंबईचा हा गडी व्यवसायाने मात्र लखनौकर झाला होता. त्या वर्षीच्या लिलावात अनुप कुमार जयपूरला गेला आणि डिसेंबरमध्ये निवृत्त झाला. मुंबईने फझलला परत आणले, एक कोटी रुपये देऊन. लीगमध्ये परदेशी खेळाडूला कोटीची बोली ती पहिलीच. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई मुंबईला मिळाला, त्याने त्या एका हंगामात चढाईचे दोनशेहून अधिक गुण केले. आमच्या इमारतीतली पोरे त्याच्यासारखी खांदे हलवत जिना चढू लागली. पुढच्याच वर्षी तेलुगू संघाने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले आणि तो गेला. त्याला दोष कोण देईल? मीही दिला नाही. चिरंजीवांनी भिंतीवरचे चित्र मात्र काढून टाकले.

आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न याहून निराळा. "आणि मुलींचा संघ कुठे आहे?" २०१६ साली तीन संघांची महिलांची एक छोटी स्पर्धा पुरुषांच्या लीगबरोबर झाली होती. तिला पुढचे वर्ष आले नाही. यावर माझ्यापाशी उत्तर नाही, आणि तिला ते ठाऊक आहे.

आता एका विद्यार्थ्याविषयी सांगायला हवे. त्याचे नाव सांगत नाही. तोही भांडुपचा आणि डाव्या कोपऱ्याचाच. वर्गात मागच्या बाकावर झोपायचा, कारण पहाटे पाचला सराव असे. हजेरी कमी भरली म्हणून मी त्याला बोलावले, तेव्हा त्याने दोन कागद टेबलावर ठेवले. एक होता खेळाडूंच्या राखीव जागेतून एका कार्यालयात मिळणाऱ्या नोकरीचा. दुसरा लीगमधल्या एका संघाच्या सराव-शिबिराचा. मुंबईच्या नव्हे, दुसऱ्याच. दोन्हींची तारीख एकच. "सर, कुठे जाऊ?"

मी महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा माणूस. नोकरीचा कागद पुढे सरकवला. रेल्वे, बँका, भारत पेट्रोलियम, महिंद्र यांच्या संघांनी मुंबईतली किती घरे उभी केली ते त्याला सांगितले. तो मान हलवत होता, पण ऐकत नव्हता. तेव्हा मी त्याला काकांकडे नेले. म्हटले, ज्याने खेळावर नोकरी मिळवली तो याला दोन शब्द सांगेल.

काकांनी दोन्ही कागद लांब धरून वाचले. मग म्हणाले, "माझी नोकरी कायमची होती, बाळ. तू खेळायला जा."

तो गेला. हंगामभर राखीव बाकावर बसला. पुढच्या वर्षीच्या लिलावात त्याचे नाव कुणी पुकारले नाही. परत आला तेव्हा ती नोकरी दुसऱ्याला मिळाली होती. मी काकांशी महिनाभर नीट बोललो नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

२०१५ नंतर मुंबईला ते विजेतेपद पुन्हा मिळालेले नाही. २०२४ च्या १ मार्चला पुण्याने हरयाणाच्या संघाला २८-२५ असे हरवून लीग जिंकली. कर्णधार अस्लम इनामदार, नगर जिल्ह्यातला. आम्ही तो सामना काकांच्या घरी पाहिला. चिरंजीव आता कॉलेजात जातात. मुंबईचे निष्ठावंत म्हणून त्यांनी टाळ्या वाजवायच्या नाहीत असे ठरवले होते, ते शेवटच्या तीन मिनिटांत मोडले.

सामना सुरू असतानाच दार वाजले. माझा तो विद्यार्थी होता. हल्ली दिवसा एका व्यायामशाळेत काम करतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना कबड्डी शिकवतो. काकांकडे तो अधूनमधून येत असतो, हे मला त्या दिवशी कळले. काकूंनी न विचारता त्याच्यापुढे चहा ठेवला, यावरूनच काय ते समजलो. सामना संपल्यावर मी त्याला, बरीच वर्षे मनात असलेले, विचारून घेतले. त्या हंगामात तो एकदा तरी उतरला होता का?

"एकदा, सर. चार मिनिटं. आईने टीव्हीवर पाहिलं."

काका उशीला टेकून बसले होते. त्यांनी मान न वळवता विचारले, "चार मिनिटांत पकडी किती?"

"एक, काका."

"कोपऱ्यातून?"

"कोपऱ्यातूनच. घोट्याची."

काकांनी टीव्ही बंद करायला सांगितले आणि त्याला जवळ बोलावले. म्हणाले, "दाखव बघू, पाय कुठे होता तुझा."

त्याने चहाचा कप बाजूला ठेवला आणि खोलीतला पाट सरकवून जागा केली.