वेठ आणि शांती

मराठीच्या वर्गात ख्रिस्ती वाङ्मयाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : एका गालावर मारले तर दुसरा पुढे करावा, ही ख्रिस्ताची शिकवण. रेव्हरंड टिळकांवरच्या उत्तरपत्रिकांत ते असते, परीक्षेच्या मार्गदर्शकांत असते, आणि खरे सांगायचे तर आमच्या जुन्या टिपणवह्यांतही आहे. त्यापुढचा निष्कर्षही ठरलेला : म्हणून हा सहनशीलतेचा धर्म. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाला भर तासात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग अन्याय करणाऱ्याची सोयच झाली की!" काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन आम्ही पुढे सरकलो. त्या उत्तराची लाज आजही वाटते. प्रश्न श्रद्धेचा नव्हता, वाचनाचा होता. आणि संहिता वाचणे हाच ज्यांचा व्यवसाय त्या आम्ही संहिता उघडली नव्हती.

ती उघडली तर काय दिसते? मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, गालाच्या दृष्टान्तानंतर दोनच वचनांनी, कोसाचा दृष्टान्त येतो. कोणी एक कोस सक्तीने चालवले तर त्याच्यासोबत दोन कोस जावे, असा त्याचा आशय. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी भाषांतरात या सक्तीसाठी जो शब्द आला आहे तो 'वेठ' हा आहे. भाषांतरकाराची ही निवड थोर म्हणावी लागेल. मूळ ग्रीक क्रियापद सरकारी कामासाठी माणसे आणि जनावरे जबरीने धरण्याचे आहे. फारसी राजांच्या टपालव्यवस्थेतून ते पुढे आले आणि रोमन अमलात सैनिकांचे ओझे वाहणाऱ्या प्रजेच्या वाट्याला गेले. हेच क्रियापद त्याच शुभवर्तमानात पुन्हा एकदा येते : कुरेनेकर शिमोनाला क्रूस वाहण्यासाठी सैनिक वेठीस धरतात तेव्हा. डोंगरावरच्या प्रवचनातली वेठ अशी थेट वधस्तंभापर्यंत जाऊन पोहोचते. साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून स्पष्ट खूण कोणती हवी?

हे प्रवचन सिंहासनावरून झालेले नाही. रोमच्या सत्तेच्या छायेत जगणाऱ्या गालीलातल्या माणसाने आपल्यासारख्याच ओझेकऱ्यांपुढे ते केले आहे. याच प्रवचनाच्या आरंभी शांती करणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. शांती भोगणारे वा शांत बसणारे असा तो शब्द नाही. 'करणारे' असा आहे. त्या काळी शांतीचा अधिकृत ठेकेदार कैसर होता. इ.स.पू. 9 मध्ये रोममध्ये ऑगस्टसच्या नावे शांतीची वेदी अर्पण झाली. इ.स. 70 मध्ये रोमन फौजांनी यरुशलेमेचे मंदिर जाळले आणि पाच वर्षांनी सम्राट वेस्पासियनने राजधानीत शांतिदेवीचे मंदिर उभारले. यरुशलेमेच्या मंदिरातली लूट त्यातच ठेवली गेली. अशा शांतीच्या राज्यात 'शांती करणारे' हा किताब कोळी-शेतकऱ्यांना बहाल करणे, हे सहनशीलतेचे बोधवचन कसे ठरते?

गालाच्या दृष्टान्तातही 'उजवा' हा शब्द आम्ही वाचताना गाळतो. समोरच्याने उजव्या हाताने उजव्या गालावर मारायचे म्हटले तर हात उलटाच पडणार. वॉल्टर विंक या अमेरिकन अभ्यासकाने दाखवले की उलट्या हाताची चपराक ही बरोबरीच्याला नव्हे, हाताखालच्याला मारायची असते. दुसरा गाल पुढे करणे म्हणजे, मारायचेच तर बरोबरीचा समजून मार, असे सांगणे. सगळ्याच अभ्यासकांना हा अर्थ मान्य नाही; पण कोसाच्या दृष्टान्ताशी तो जुळतो. पहिला कोस शिपायाच्या हुकमाचा, दुसरा चालणाऱ्याच्या मर्जीचा. वेठीचे ओझे तेच, पण हुकूम मात्र संपलेला.

यावर आक्षेप निघेल, आणि तो रास्त आहे. आधीच वाकलेल्या माणसाला आणखी एक कोस चालायला सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? आमचे उत्तर असे की हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे यावर सारे अवलंबून आहे. वेठ लादणाऱ्याने ते उच्चारले की ती थट्टाच होते, आणि शतकानुशतके राजांनी व त्यांच्या पदरच्या धर्मगुरूंनी ते तसेच उच्चारले. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय अधिकाऱ्यांच्या अधीन राहा म्हणून सांगतो, तो त्यांना तोंडपाठ. त्याच ग्रंथातल्या प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय राज्यसत्तेला समुद्रातून वर आलेले श्वापद म्हणून रंगवतो, तो मात्र आठवत नाही.

मराठी मुलखात याचे दाखले नाहीत असे नाही. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची जी विटंबना झाली तिच्याविरुद्ध पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात जाहीरपणे लिहिले. त्या ख्रिस्ती होत्या, राज्यकर्तेही ख्रिस्ती म्हणवणारे. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे धुडकावले. आमच्या अभ्यासक्रमातल्या रमाबाई मात्र करुणामूर्ती तेवढ्या असतात. 20 मार्च 1927 रोजी महाडला तळ्यावरून परतलेल्या सत्याग्रहींवर हल्ला झाला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी आपल्या माणसांचा उगारलेला हात आवरला, आणि पुढच्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या वेठीवर घाव घालणारे विधेयक मांडले. हे ते शुभवर्तमानावरून शिकले असा दावा आम्ही करत नाही. तो त्यांच्यावर अन्याय होईल. पण हात आवरणे आणि वेठ मोडणे ही एकाच शांतीची दोन अंगे असू शकतात, हे मराठी वाचकाने डोळ्यांनी पाहिलेले आहे. 'वेठ' या शब्दाचा अर्थ त्याला कोशात शोधावा लागत नाही.

म्हणून आमचे आमच्या व्यवसायबंधूंना सांगणे आहे : 'ख्रिस्ती म्हणजे सहनशील' हे वाक्य टिपणवह्यांतून खोडून टाका. शांततेचे आवाहन वरून आले की ते कोण करतो आहे आणि ओझे कोणाच्या डोक्यावर आहे, हे आधी विचारायला विद्यार्थ्यांना शिकवा. त्या विद्यार्थ्याचे नाव आज आम्हांला आठवत नाही. उत्तर मात्र आम्ही त्याचे देणे लागतो, म्हणून हे लिहिले.